दुसरा राउंड

फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे नऊ, त्यातले चार चालू.
पास्कूमामाला मी कडेच्या खुर्चीवर बसवलं,
काठी पायांत, टोपी गुडघ्यावर.
उजव्या डोळ्याचा पडदा कधीच सुटलेला,
डाव्यातून दिसतं ते दुधातून दिसल्यासारखं.
"मेक्सिकोचा सिनेमा आहे, मामा. जुना. बॉक्सिंगचा."
"तू वाच," म्हणाला. "मी बघतो."

फिल्मवर ओरखडे,
मांजर नखं काढून त्या शहरातून धावत गेल्यासारखे.
एक पोरगा सोड्याच्या बाटल्या धुतो,
धुता धुता मुठी वळतो.
खाली इंग्रजी पळतं, मी त्याच्यामागे,
मामाच्या कानात मराठी ओतत:
आई म्हणते, जाऊ नको.
पोरगी म्हणते, नाक सांभाळ.
मॅनेजर म्हणतो, डावा वर.
"डावा वर ठेवूनच तर मार खातोय!
सांग त्याला, हनुवटी आत."
पुढच्या रांगेतला दाढीवाला वळून बघतो.
मामा रुमाल काढतो,
तळहातावरून, अंगठ्यामागून, मनगटाभोवती गुंडाळतो,
सोडतो, पुन्हा गुंडाळतो.

माझगावला गोदीमागे, कोळशाच्या गुदामात
जहाजाचे जुने दोर बांधून रिंग केलेलं,
वर एक दिवा, खाली लाकडाचा भुसा.
मला एवढंच माहीत.
मामाला गोदीत नोकरी कशी लागली
ते घरात कुणी बोलत नाही.
आईच्या लग्नात बँड का आला नाही, तेही नाही.
आई अजून सांगते,
चर्चपासून मांडवापर्यंत
नुसता चपलांचा आवाज.

मग ती खोली आली. लढतीआधीची.
आरशाला तडा,
मॅनेजर पोराच्या हाताला पट्टी बांधतोय,
आवाज एकदम मऊ,
आजारी माणसाला पेज भरवावी तसा.
खाली अक्षरं उमटली:
पाचव्या राउंडला पड.
मी वाचलं. गिळलं.
मामाच्या कानाशी म्हटलं,
"जपून खेळ, म्हणतो."

मामा हसला. नाकातल्या नाकात.
"जपून खेळ म्हणताना
कुणी एवढ्या मायेनं बोलत नाही, पोरी.
कितव्याला पड म्हणाला?"

"पाचव्या."

"हां. त्यांच्यात जास्त असतात.
आमचे तीनच. मला दुसरा दिला होता."

पडद्यावर घंटा झाली.
नंतर मी वाचलं नाही, त्यानं विचारलं नाही,
इंग्रजी येत राहिलं आणि जात राहिलं,
थांबा नसलेल्या बससारखं.
पोरगा पाचव्यात पडला,
हात पसरून, सावकाश,
लोकांनी टोप्या फेकल्या, एक बाई उभी राहून रडली.
"छान पडला," मामा म्हणाला.
"मला एवढं जमलं नसतं."

बाहेर टपरीवर चहा घेतला.
मामानं बशीत ओतला,
अंदाजानं, एक थेंब न सांडता.
मी विचारलं, "मग पडलास दुसऱ्यात?"

"तिसऱ्यात."

बशीवर फुंकर.
"ठरला दुसराच होता. पण तो रेल्वेचा पोरगा
सगळा उघडा, धापा टाकतोय,
आणि माझा दम असा जमलेला
की म्हटलं, हा एक राउंड आपण ठेवून घेऊ.
तीन मिनिटं.
कुणाला द्यायची नाहीत.
त्याच्या बरगड्यांना विचार, अजून सांगतील.
मग तिसऱ्यात पडलो, बोलल्याप्रमाणे."

"आणि ते लोक?"

"शब्दाचे पक्के. नोकरी दिली.
पैशातून मात्र उशिराचे शंभर कापले."

त्यानं बशी चाचपडत कठड्यावर ठेवली,
मिशा पुसल्या,
रुमालाची घडी घातली, चार कोपरे जुळवून.

"बँडवाला तेवढेच मागत होता."